रेंज नसलेलं देवघर

ऊस डोक्याच्या वर गेला की आमच्या कुंडलकडची माणसं फोनवर ओरडायला लागतात. मी इकडे वाईत राहते, पण मला त्यासाठी कॅलेंडर बघावं लागत नाही. माहेरचा फोन आला आणि पलीकडून नुसतंच "हॅलो, आगं ऐकू येतंय का, हॅलो" सुरू झालं, की समजायचं भादवा सरत आला, मळ्यातला ऊस दाटला आणि नवरात्र तोंडावर आलं. परवा तसंच झालं. आई म्हैस व्याल्याचं सांगत होती. रेडा झाला की रेडी, हे काही शेवटपर्यंत कळलं नाही. मी फोन आपटला. नवरा म्हणाला, "दरवर्षी याच दिवसांत तुझं डोकं का फिरतं?" त्याला काय सांगायचं? सांगून झालंय. त्याला ते दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं, कारण त्याची आई त्याला रोज हाताशी सापडते.

उसावर माझा राग नाही. उसाचं पान हातात धरून बघा. कडेनं ब्लेडसारखं कापतं, अंगावर कुसळं उडतात, वरून कसं रखरखीत वाटतं, पण आत पाणीच पाणी. पान, वाढं, कांडं, सगळं पाण्यानं भरलेलं. त्यात पाऊस पडून गेला की पानापानावर आणखी थेंब. अशा ओल्या हिरव्या भिंतीत फोनची लहर शिरली की तिला पलीकडं जाईपर्यंत दम राहत नाही. पाणी तिला पिऊन टाकतं. माघात ऊस तुटून कारखान्याला गेला, रान मोकळं झालं, की वस्तीवरचे फोन आपोआप बोलायला लागतात. आमच्याकडं हे कुणी शिकवावं लागत नाही. "तोड आली की बोलू निवांत," असं आमची माणसं अगदी सहज म्हणतात.

मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. विद्युतचुंबकीय लहरींचा पाठ नेमका नवरात्राच्या आगेमागे येतो, हेही माझंच नशीब. फळ्यापुढं उभी राहून मी पोरींना सांगते, की लहर समोर काय आलंय त्याप्रमाणे वागते. सुकं लाकूड, सुकी कौलं, पाचट हे तिला बरंचसं जाऊ देतात. पाणी तिला शोषून घेतं. धातू तिला आत घेतच नाही, दारातनं परत लावतो, मग तो हातभर जाड असो की कागदासारखा पातळ. पोरी लिहून घेतात. एखादी विचारते, "मॅडम, परीक्षेला किती मार्कांना येतं?" येतं बाई, येतं. मला किती मार्कांना आलं ते मी तिला सांगत नाही.

आमचं जुनं घर मळ्यातच होतं, कौलारू. उन्हाळ्यात कौलांच्या फटीतनं उन्हाचे कवडसे शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडायचे आणि दुपारभर सरकत राहायचे. पावसाळ्यात दोन-तीन ठिकाणी गळायचं, तिथं पातेली ठेवायची. देव्हारा माजघरात होता आणि त्याच्या शेजारच्या खांबाला एक खिळा होता. त्या खिळ्याला एक कापडी पिशवी आणि पिशवीत आईचा बटणांचा फोन. घरात सगळ्यात चांगली रेंज तिथं, म्हणून फोनची जागा तीच. आईनं त्या पिशवीला नवरात्रात हळदकुंकूसुद्धा लावलेलं मी पाहिलंय. मी हसले तर म्हणाली, "हसतीस काय? माझा ल्योक बोलतो त्यातनं."

तिचा ल्योक म्हणजे माझा दादा. फौजेत आहे. रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. आई चुलीपुढनं उठून, हात पदराला पुशीत धावायची. बोलणं दरवेळी तेच. जेवलास का, थंडी हाय का, आंघूळ गरम पाण्यानं करतोस न्हवं. दादा पलीकडून "व्हय, व्हय" करायचा. वडील जाऊन बरीच वर्षं झालीत, मी सासरी, वहिनी मुलांच्या शिक्षणासाठी पुण्यात. आईच्या आठवड्याला रविवार तेवढाच एक वार होता, बाकीचे नुसते उगवायचे आणि मावळायचे.

मग दादानं ते पाडून त्याच जागी नवं घर बांधायला काढलं. बांधावं ना, कोण नको म्हणतंय? उन्हातान्हात, बर्फात राहणाऱ्या माणसाला गावी आपलं चांगलं घर असावं असं वाटणारच. पण त्याला चांगलं घर नको होतं, गावाचे डोळे दिपवणारं हवं होतं. पलूसचा एक कंत्राटदार मोबाईलवर फोटो दाखवत बसायचा. त्यातनं दादानं निवडलं ते असं: सळयांचं दाट जाळं घातलेला स्लॅब, स्लॅब गळायला नको म्हणून त्याच्यावर पुन्हा पत्र्याचं शेड, बाहेरच्या भिंतींना वरपासून खालपर्यंत ॲल्युमिनियमचे चकचकीत पत्रे आणि खिडक्यांना आरशासारख्या काचा. बाहेरून बघणाऱ्याला स्वतःचंच तोंड दिसावं अशा. देवघर मात्र मधोमध, जिन्याखाली, चारी बाजूंनी बंद. वास्तुशास्त्रात बसतं म्हणे.

मी तेव्हाच म्हणाले, "दादा, हे सगळं धातूचं हाय. आत फोन लागायचा न्हाई."

दादा हसला. "आगं, पुण्यातल्या सगळ्या बिल्डिंगा असल्याच हायत. तिथं लागतोय की."

"तिथं टॉवर शेजारच्या गच्चीवर असतो. आपला टॉवर पार तिकडं डोंगराला."

कंत्राटदारानं माझ्याकडं बघून मान डोलावली आणि दादाला विचारलं, "साहेब, मग कलर सिल्व्हर की गोल्डन?" सिल्व्हर ठरला.

वास्तुशांतीला गाव लोटलं होतं. माणसं मांडवात बसून घराकडं बघत होती आणि भिंतीत स्वतःची मुंडकी बघून खूश होत होती. कुणाचाही फोन अडला नाही, कारण आत बसलंय कोण? दादा तर फोन आला की अंगणात येरझाऱ्या घालत बोलणारा. कुणीतरी आईला विचारलं, "काय मावशी, ल्योकानं राजवाडा बांधला की! आता काय मज्जा!" आईच्या तोंडाला कुलूप कधीच नव्हतं. ती म्हणाली, "बांधला बाबा. पर ह्यात माझा जीव रमंना. बरणीत घातल्यागत वाटतंय."

माणसं हसली. दादा हसला नाही. त्याचं तोंड एवढं एवढं झालं. आईला तिथल्या तिथं चूक कळली, ती मागनं त्याच्या पाठी "आरं तसं न्हवं" करत फिरली, पण तो ऐकून घेईना. सुट्टी संपून निघाला तेव्हा ती नेहमीसारखी दही-साखरेची वाटी घेऊन दारात उभी होती. आमच्याकडं फौजेत निघालेल्या माणसाच्या तळहातावर दही ठेवतात, तो ते चाटतो, आईच्या पाया पडतो आणि मागं न बघता जातो. दादा दही न घेता गेला. पाया पडला नाही. आई वाटी धरून तशीच उभी राहिली, गाडीचा धुरळा बसला तरी. मग ते दही तिनं म्हशीच्या आंबोणात घातलं.

त्या साली रविवार बंद झाले. आषाढ गेला, श्रावण गेला. ऊस वाढत होता. मी वाईहून दादाला लावला की तो दोन शब्द बोलायचा आणि आईचा विषय काढला की "ड्युटी हाय" म्हणायचा. इकडं आई जेवणखाण आटपलं की गोठ्यात जाऊन बसायची. गोठ्याला पाचटाचं छप्पर, बाजूनं नुसती तुरीच्या काड्यांची कुडं, तिथं फोनला रेंज होती. मुलानं बांधलेल्या राजवाड्याची मालकीण म्हशीशेजारी वैरणीच्या पेंढीवर बसून फोन वाजायची वाट बघायची. शेजारच्या वस्तीवरची यशोदाकाकू मला सांगायची आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी आईला ओरडायचे, "तू लाव की त्याला!" ती म्हणायची, "त्यो रागात हाय. रागातल्या माणसाला आपण हून डिवचू ने. ईल त्याचा."

आणि मग नवरात्र आलं.

आई घटी बसते. म्हणजे नऊ दिवस देवापुढं घट, दिवा अखंड तेवत ठेवायचा, एक वेळ फराळ, पायात चप्पल नाही, गादीवर निजायचं नाही आणि घराचा उंबरा ओलांडायचा नाही. लग्न होऊन आल्यापासून बसते. दादा फौजेत गेल्यापासून त्याच्या नावानं बसते. त्या वर्षी तर तिनं जास्तच मनावर घेतलं होतं. त्याला वर बर्फातल्या ठाण्यावर पाठवणार अशी वहिनीकडून कुणकुण लागली होती. "एकदा वर गेला की म्हयनं न् म्हयनं बोलणं न्हाई," हेही कळलं होतं. तिनं जिन्याखालच्या त्या देवघरात माती पसरली, धान पेरलं, दिवा लावला आणि फोन घटाशेजारी ठेवला. यशोदाकाकू म्हणाली होती, "वयनी, फोन माझ्याकडं द्या, मी बाहीर सांभाळते." आईनं दिला नाही. "त्याचा आला आन् तुमी उचलला, तर त्यो म्हणंल आई बोलत सुदिक न्हाई. माझ्यापशीच ऱ्हाऊ द्या."

रेंजचं तिच्या डोक्यात आलं नाही का? आलं असणार. पण जुन्या घरात फोन देवाशेजारीच वाजायचा. इतकी वर्षं वाजला होता. तिच्या लेखी तो खांबामुळं, कौलांमुळं वाजत नव्हता, देवाच्या जवळ होता म्हणून वाजत होता. आता देव इथं आला, फोन इथं आला, मग न वाजायला काय झालं? मी वाईत बसून लावत होते आणि फोनमधली ती बाई गोड आवाजात सांगत होती, आपण संपर्क करू इच्छित असलेल्या व्यक्तीचा फोन बंद आहे किंवा संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. अगं भवाने, ती व्यक्ती संपर्कासाठीच बसली आहे. अन्न सोडून बसली आहे.

मला ते देवघर आजही डोळ्यांपुढं येतं. समईच्या तेलाचा वास, ओल्या मातीचा वास, घटात तरारलेले पिवळट कोंब आणि भिंतीला टेकून बसलेली आई. तिच्या डोक्यावर सळया, सळयांवर पत्रा, चहूबाजूंनी ॲल्युमिनियम आणि त्याच्या बाहेर दोन पुरुष उंच ओला ऊस. मी आख्खं वर्ष पोरींना शिकवते, पण इतकं नेमकं उदाहरण मला पुस्तकात मिळालेलं नाही. डोंगरावरच्या टॉवरवरून लहर निघत असणार, उसातनं कशीबशी वाट काढत येत असणार आणि त्या सिल्व्हर भिंतीवर आपटून परत जात असणार. मुलाच्या कल्याणासाठी ती नऊ दिवस मुलाच्याच घरात बसली होती, आणि त्या घरात मुलाला मज्जाव होता.

दसऱ्याला मी माहेरी गेले. साताऱ्याला गाडी बदला, कराडला बदला, पोचेपर्यंत दुपार झाली. आईनं घट उठवले होते आणि आपट्याची पानं घेऊन ती गोठ्यातल्या म्हशीला ओवाळायला निघाली होती. फोन कमरेला खोचलेला. पाचटाखाली पाय टाकला आणि फोन वाजायला लागला. टुंग, टुंग, टुंग. तो थांबेचना. तिनं घाईघाईनं माझ्या हातात दिला. "बघ गं, काय म्हणतोय."

रेंज नसताना येऊन गेलेल्या कॉलचे निरोप होते ते. माझे सोडले तर सगळे एकाच अनोळखी नंबरचे, सगळे सातव्या माळेच्या संध्याकाळचे. मी लावून बघितला, लागला नाही. वहिनीला लावला. ती म्हणाली, "अवं ताई, ते त्याच दिवशी वर गेले. तिथं रांगेत एकेकाला फोन देतात. माझ्याशी दोन शब्दसुद्धा नीट बोलले न्हाईत, म्हणाले, आधी आईशी बोलायचंय."

आई ऐकत होती. खाली वैरणीवर बसली. हातातली आपट्याची पानं तिनं तशीच धरली होती.

"वाजलाच न्हाई की गं," ती म्हणाली. "मी हितंच हुते. जागची हल्ले न्हाई मी. दिव्याची शप्पत, जागची हल्ले न्हाई."

रडली नाही. तेच तेच सांगत राहिली, मला, म्हशीला आणि संध्याकाळी सोनं द्यायला आलेल्या प्रत्येक माणसाला.

सगळा हिवाळा तसा गेला. ऊस तुटला, रान उघडं पडलं, वस्तीवरचे फोन खणखणायला लागले. होळीच्या सुमाराला दादा खाली उतरला आणि त्यानं मला लावला. पहिलं वाक्य काय? "आईनं फोन बंद करून ठेवला. मी माफी मागायला लावला हुता, आन् तिनं फोन बंद करून ठेवला."

मी त्याला सगळं सांगितलं. घट सांगितले, देवघर सांगितलं, पत्रा सांगितला. तो पलीकडून "व्हय, व्हय" करत होता. मला वाटलं, पटलं. मग म्हणाला, "तुला माझं घर पहिल्यापासनं खुपतंय."

"दादा, घराचं न्हवं रं, ॲल्युमिनियमचं सांगतेय मी!"

"पुऱ्या पंचक्रोशीत असलं घर न्हाई. लोक फोटो काढत्यात घरापुढं थांबून. आन् तू म्हणतीस घरामुळं? काय बोलतीस तू?"

मी फोन ठेवला. माणूस असा कसा असतो? आईनं तोंड फिरवलं हे तो मानायला तयार होता, सहा महिने बर्फात उराशी धरून बसला होता, पण आपण हौसेनं निवडलेली भिंत आड आली हे काही त्याला मानवत नव्हतं. आईला वाईट ठरवणं त्याला सोपं गेलं. मला ते आजही कळत नाही आणि आजही मी ते विसरत नाही.

हल्ली त्या घरात रेंज वाढवायचं यंत्र आहे. वरती शेडवर छोटा अँटेना, खाली वायर, देवघराबाहेर पांढरा डबा. मीच बसवून घेतलं. दादाला विचारलं नाही. आता देवघरात सुद्धा फोन ठणठणीत लागतो. यशोदाकाकूचा येतो, माझा येतो, कर्ज घ्या म्हणून सांगणाऱ्या पोरींचा येतो. दादा मात्र वहिनीच्याच फोनवर बोलतो. "आईची तब्येत बरी हाय न्हवं?" एवढं तिच्याकडून विचारून घेतो. ऊस दाटला की त्या यंत्रालाही धाप लागते, मग पुन्हा हॅलो हॅलो. पण तो भाग वेगळा. ज्याची लहर यायची त्यानं पाठवलीच नाही तर यंत्र कुठून आणणार?

आणि असं का झालं, तेही मला ठाऊक आहे. मी तिथं होते.

त्या होळीनंतरच्या मेमध्ये दादा सुट्टीला आला. आईशी बोलत होता, पण पाहुण्याशी बोलल्यासारखं. मी मुद्दाम माहेरी गेले होते. माझं ठरलेलं होतं. त्याचा फोन घ्यायचा, देवघरात नेऊन ठेवायचा, दार लावायचं आणि त्याला अंगणात उभं करून माझ्या फोनवरनं त्याच्याच हातानं त्याचाच नंबर लावायला सांगायचा. संपलं. ॲल्युमिनियम काय ते स्वतः बोललं असतं. दुपारी गावातली दोन माणसं त्याला भेटायला आली होती, हॉलमध्ये सोफ्यावर बसली होती. तेही बरंच होतं, त्यांच्यादेखत होऊ दे म्हटलं. त्याचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता, तो मी काढला.

आई भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "काय करतीस?"

मी सांगितलं. तिनं तवा उतरवला. हात धुतले.

"त्याला दावणार तू? माणसांम्होरं?"

"मग? तुझ्यावर आळ घेतलाय त्यानं, आई. तू जागची हलली नव्हतीस."

"त्ये मला म्हाईत हाय, देवाला म्हाईत हाय." ती आवाज खाली आणून बोलत होती. "माझ्यावरचा राग त्याचा जाईल न्हाईतर ऱ्हाईल. पर ह्या घरावरनं त्याचं मन उठलं तर? रिटायर झाल्यावर त्यो यायचा कुठं गं? आधीच तुझ्या वयनीचा जीव पुण्यात. ह्यो पत्रा हाय म्हणून तरी ईल. येड्यागत त्याच्या घराला नाव ठिवू नगंस."

"म्हणून तू चोर व्हायचं?"

तिनं माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि हॉलमध्ये गेली. मी मागं गेले. तिनं फोन दादाच्या हातात दिला. मग त्या दोन माणसांसमोर, पदर नीट करत, सरळ त्याच्याकडं बघून म्हणाली, "तवा तुझा फोन वाजला हुता. मीच उचलला न्हाई. राग आलता मला. आन् मग बंद करून ठिवला."

बाहेर भिंतीवर ऊन तापलं होतं, पत्रा मधूनच कडकड वाजत होता. दादानं त्या माणसांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर दुःख असेल असं मला वाटलं होतं. दुःख नव्हतं. आपलं खरं ठरल्यावर माणसाचं तोंड जसं सैल होतं, तसं ते झालं.

"मी म्हणत हुतोच," तो म्हणाला. मग माणसं ऐकत होती म्हणून आवाज मोठा करून म्हणाला, "जाऊ दे आई. झालं गेलं. मी मनात ठिवत न्हाई. माफ केलं."

आईनं पुढं होऊन त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला.

"लय मोठ्या मनाचा हाईस बाबा," ती म्हणाली.

मी तिच्या आवाजात टोमणा शोधत होते. नीट कान देऊन ऐकलं. तो नव्हता.